फेरी आणि भटकंती : खानदेशातील शहरे, पायी चालणे आणि रस्त्यावरचे छायाचित्र

शहरातून निरुद्देश पायी हिंडणे ही एक ध्यानसाधना आहे आणि रस्त्यावर टिपलेले छायाचित्र हे तिचे फळ आहे, हा विचार गेल्या काही दशकांत मराठी कलाविचारातही रूढ होऊ लागला आहे. त्याचे मूळ सामान्यतः पॅरिसमध्ये दाखविले जाते. शार्ल बोदलेअर यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गर्दीत रमणाऱ्या, तिचा होऊनही तिच्यापासून अलिप्त राहणाऱ्या नागर भटक्याचे चित्र रेखाटले. विसाव्या शतकात वाल्टर बेन्यामिन यांनी त्या भटक्याला आधुनिक शहराच्या अभ्यासातील एक मध्यवर्ती व्यक्तिरेखा केले. १९२५ मध्ये लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला आणि भटक्याच्या हाती त्याचे साधन आले. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या ग्रंथापासून ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना छायाचित्रकारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची मार्गदर्शक ठरली. ही परंपरा इतक्या सुसंगतपणे सांगितली जाते की काही साधे प्रश्न विचारायचेच राहून जातात. चालणे कोणाचे? कोणत्या रस्त्यावरून? आणि कोणाच्या विश्वासावर? जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन शहरांच्या संदर्भात हे प्रश्न विचारले असता चालण्याविषयीच्या आणि पाहण्याविषयीच्या काही प्रचलित समजुती तपासून घ्याव्या लागतात.

प्रथम भाषेचाच विचार करणे उचित होईल. मराठीत ‘चालणे’ ही एक क्रिया असली, तरी तिच्या जाती अनेक आहेत. वारी, प्रदक्षिणा, परिक्रमा, अटन, चंक्रमण, फेरी, येरझारा, पायपीट, रपेट, भटकंती हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. वारीला गंतव्य असते आणि सोबत असते. प्रदक्षिणेला केंद्र असते. येरझाऱ्यांत अस्वस्थता असते, पायपिटीत गरज असते, रपेटीत मौज असते. फेरी ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या वेळी होते, आणि भटकंतीला यांपैकी काहीच नसते. पाश्चात्त्य विचारातील नागर भटका मराठीत आणताना बहुधा ‘भटकंती’ हा शेवटचा शब्द वापरला जातो आणि उरलेले सारे शब्द बाजूला पडतात. शब्द बाजूला पडले की त्यांच्यामागील अनुभवही विवेचनाच्या कक्षेबाहेर जातात. खानदेशातील रस्त्यांवर मात्र त्या अनुभवांचीच वर्दळ अधिक आहे.

या दोन शहरांची घडण भिन्न आहे आणि म्हणून त्यांतील चालण्याचा अनुभवही भिन्न आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे प्रांताचे मुख्य ठाणे केले. पांझरेकाठच्या जुन्या वस्तीशेजारी आखीव, सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार अशी अंकांनी ओळखली जाणारी तेथील गल्ल्यांची नावे आजही पत्त्यांत आणि बोलण्यात रूढ आहेत. अशा शहरात चालणारा माणूस वाट चुकत नाही. तो जणू जपमाळेचे मणी ओढीत जातो. एका गल्लीतून आग्रा रोडवर यावे, पाचकंदीलपर्यंत जावे, पुन्हा दुसऱ्या गल्लीत वळावे. वाट शोधण्याचे काम शहरानेच करून ठेवल्यामुळे लक्ष मोकळे राहते आणि ते ओटे, जिने, पाट्या, उंबरे यांच्याकडे वळते.

जळगावची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानातील कापसाला भाव आला. त्याच सुमारास आलेल्या लोहमार्गाने या गावाला व्यापारपेठ केले, आणि १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर ते पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. जळगाव आखले गेले त्याहून अधिक वाढत गेले. जुन्या जळगावातील वळणे, सराफ बाजारातील काचेआडचा झगमगाट, दाणा बाजारातील पोत्यांच्या थप्प्या, फुले मार्केटमधील गर्दी आणि तेथून काही अंतरावर मेहरूण तलावाचा अवचित मोकळेपणा, या क्रमात योजना नाही, व्यवहार आहे. येथे चालणाऱ्याला सतत कोणाला तरी वाट द्यावी लागते. हातगाडी, हमालाच्या पाठीवरचे पोते, उसळून आलेली दुचाकी यांच्याशी पावलापावलाला तडजोड करावी लागते. धुळ्यातील गल्ली चालणाऱ्याला एकटे सोडते, तर जळगावची पेठ त्याला एकटे राहू देत नाही. ध्यानासाठी पहिली अनुकूल आणि दुसरी प्रतिकूल, असा निष्कर्ष यावरून सहज सुचतो. पण तो घाईचा आहे. त्यासाठी ‘ध्यान’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल.

खानदेशाच्या वाङ्‌मयीन इतिहासात चालण्याशी जोडली गेलेली एक विदारक घटना आहे. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेले बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली येथे रेल्वे अपघातात मरण पावले. कवी आपल्याच तंद्रीत रुळांवरून चालला होता, अशी आख्यायिका या मृत्यूभोवती तयार झाली आणि ती आजही सांगितली जाते. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु मराठी मनाला ही आख्यायिका इतकी प्रिय का व्हावी, हे विचार करण्यासारखे आहे. प्रतिभावंत चालतो तो भोवतालाचे भान हरपून, ही समजूत तिच्यामागे आहे. छायाचित्रणाच्या संदर्भात ‘चालणे हे ध्यान’ असे म्हटले जाते तेव्हाही बहुधा हीच समजूत काम करीत असते. चालणारा शांत होतो, स्वतःत उतरतो, शहर त्याच्या मनःस्थितीचे पार्श्वसंगीत होते आणि समोरची माणसे त्या मनःस्थितीची प्रतीके होतात.

याला तंद्री म्हणावे. ध्यान ही याहून वेगळी अवस्था आहे, आणि तिचा पुरावा जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर दगडात उभा आहे. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत स्तूपाभोवती स्तंभांच्या रांगेमागून प्रदक्षिणापथ कोरलेला आहे. बौद्ध परंपरेत बसून केलेल्या ध्यानाबरोबरच चालत केलेल्या ध्यानाला, म्हणजे चंक्रमणाला, स्वतंत्र स्थान आहे. त्यात भान हरपणे अभिप्रेत नसून ते राखणे अभिप्रेत आहे. पाऊल उचलले जात आहे, पुढे जात आहे, टेकत आहे, हे जाणत राहणे ही त्यातली साधना. चालण्याचा मार्ग लहान असतो, कारण दूर जायचे नसते. त्याच जागी पुन्हा यायचे असते. या अर्थाने जळगावच्या दाणा बाजारातून चालणे हे प्रतिकूल ठरत नाही. उलट, वाट देण्याघेण्याची सक्ती हीच तेथे अवधानाची शिस्त होते. ज्याला तंद्री हवी त्याने तेथे जाऊ नये. ज्याला अवधान हवे त्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

अवधानपूर्वक चालणे आणि त्याची नोंद ठेवणे यांचा संबंधही मराठीला नवा नाही. महानुभाव पंथाच्या आचारात अटनाला महत्त्वाचे स्थान आहे, आणि लीळाचरित्र हा ग्रंथ एका अर्थी चक्रधरस्वामींच्या पायी परिभ्रमणाचीच स्मृती आहे. खानदेशातील कनाशी येथील स्थाने आजही पंथीयांकडून वंदिली जातात. या परंपरेतून चौदाव्या शतकातील मानली जाणारी ‘स्थानपोथी’ निर्माण झाली. देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, नदी कोणत्या अंगाला, आसन कोठे, अशा नोंदींनी हा ग्रंथ भरला आहे. साहित्यसमीक्षेने त्याच्याकडे स्थळनिश्चितीचे साधन म्हणून पाहिले आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात पाहण्याची एक पद्धतही आहे, तिची दखल घेतली गेली पाहिजे. स्थानपोथीचा कर्ता स्वतःच्या भावना सांगत नाही. तो दिशा सांगतो, अंतर सांगतो, दार सांगतो. जे होते ते पुसले जाण्याआधी नोंदले पाहिजे, ही निकड त्या कोरड्या वाटणाऱ्या वाक्यांमागे आहे. उत्तम रस्ताछायाचित्राचा कोरडेपणा याच जातीचा असतो.

आधुनिक काळात हीच निकड घेऊन गावोगाव हिंडलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांचा देह धुळ्यात पडला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले, ही गोष्ट योगायोगाची असली तरी सूचक आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांमागे ग्रंथालयातील बैठकीइतकीच उन्हातान्हातील पायपीट आहे. दप्तरे ज्यांच्या घरी होती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्याशिवाय, त्यांचा विश्वास संपादन केल्याशिवाय ती उघडली जात नसत. चालण्याने राजवाड्यांना केवळ अंतर तोडता आले असे नाही. दारात उभे राहण्याचा अधिकार मिळविता आला. हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो खानदेशातूनच पुढे येतो. चाळीसगावचे कलावंत केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे आपल्या घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता काढली. एका व्यक्तीच्या वाटेकडे डोळे लावून ते रोज रात्री रेल्वेगाडीची प्रतीक्षा करीत, अशी कथा त्यांच्याविषयी सांगितली जाते. तिच्यातील तथ्य आणि कल्पित वेगळे करणे आता अवघड आहे. घराबाहेर न पडणे मात्र प्रसिद्धच आहे. टेबलावर साध्या घरगुती वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी त्यांची ‘टेबल-टॉप’ छायाचित्रे देशाबाहेरही वाखाणली गेली. त्यांचे घर आज कलादालन म्हणून जतन झालेले आहे. खानदेशाने दिलेला सर्वांत ख्यातनाम छायाचित्रकार जर चाललाच नाही, तर चालणे ही छायाचित्रणाची प्रेरणा आहे या विधानाला काय अर्थ उरतो?

या आक्षेपाला बगल देणे योग्य होणार नाही. मूस यांच्या उदाहरणावरून चालणे ही कलेची अट नाही, हे मान्य केले पाहिजे. अवधान एका खोलीतही साधते. किंबहुना चंक्रमणाचा लहान मार्ग आणि मूस यांचे टेबल यांत एक आंतरिक नाते आहे. दोन्ही ठिकाणी विस्ताराचा त्याग करून एकाग्रता मिळविलेली आहे. परंतु दोन्हींतून मिळणारे ज्ञान एकच नाही. टेबलावरील प्रत्येक वस्तू कलावंताच्या इच्छेने तेथे आलेली असते. प्रकाश त्याचा, मांडणी त्याची, क्षणही त्याचा. रस्त्यावर यातले काहीच छायाचित्रकाराचे नसते. समोरचा माणूस त्याच्यासाठी तेथे आलेला नसतो. त्याला आपले काम असते, आपली घाई असते, आपली लाज असते. आपल्या इच्छेबाहेर, आपल्या मांडणीबाहेर दुसऱ्यांचे आयुष्य चालू आहे, ही जाणीव टेबल देऊ शकत नाही; ती रस्ताच देतो. म्हणून चालणे ही कलेची अट नसली, तरी दुसऱ्याच्या अस्तित्वाच्या या विशिष्ट ज्ञानाची अट आहे. आणि हे ज्ञान न घेताच जो रस्त्यावर कॅमेरा उचलतो, तो रस्त्यावर उभा राहूनही टेबलावरचीच मांडणी करीत असतो.

रस्त्यावरच्या बऱ्याच छायाचित्रांत ही मांडणी ओळखू येते. खानदेशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि जे थोडे लोक बाहेर असतात ते उपरण्याने, रुमालाने, पदराने चेहरा झाकून घेतात. त्या पांढऱ्याफटक उजेडात भिंतीवरची काळी सावली आणि तिच्याजवळून जाणारी झाकलेली आकृती हे दृश्य कोणत्याही छायाचित्रकाराला मोहात पाडणारे आहे. त्यातून उत्तम आकृतिबंध साधतो. परंतु त्या झाकलेल्या चेहऱ्याचा माणूस ऐन दुपारी बाहेर का पडला आहे, हा प्रश्न चित्रात शिल्लक राहतो की आकृतिबंधात विरघळून जातो, यावर त्या चित्राची योग्यता ठरली पाहिजे. सावलीत बसण्याची ज्याला मुभा नाही त्याची सावली सुंदर दिसते, एवढेच सांगणारे छायाचित्र अपुरे आहे. कार्तिकी एकादशीच्या श्रीराम रथोत्सवात जुन्या जळगावात असंख्य छायाचित्रे घेतली जातात. त्यांत रथ असतो, फुले असतात, गर्दी असते. पण अवजड रथ रोखण्यासाठी चाकाखाली मोगरी देणारे हात क्वचितच दिसतात. ते दिसण्यासाठी नजर खाली आणावी लागते आणि छायाचित्रकाराला रथाबरोबर, चाकाच्या गतीने, चालावे लागते.

कॅमेऱ्याला चालणारा माणूस दिसू लागला, हीच मुळात उशिराची गोष्ट आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ पासून तेथे राहिलेले मेजर रॉबर्ट गिल पुढे छायाचित्रणाकडे वळले. त्यांची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथातून १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. गिल १८७९ मध्ये मरण पावले. त्यांची कबर भुसावळला आहे. त्या काळच्या काचेच्या ओल्या पट्टीला दीर्घ प्रकाशनकाळ लागे. दगड स्थिर राहत, माणूस हलला की पुसट होई. म्हणजे खानदेशाच्या परिसरातील आरंभीच्या छायाचित्रणात पाषाण टिकला आणि पादचारी निसटला. गिल यांच्या आयुष्यातील स्थानिक स्त्रीची, पारोची, कथा मराठीत रुजली ती ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घ काव्यामुळे. ज्या माणसांना आरंभीच्या कॅमेऱ्याने नीट पाहिले नाही त्यांना कवितेने पाहिले, असे म्हणण्यास येथे जागा आहे. आज यंत्राची ती मर्यादा उरलेली नाही. खिशातल्या फोनला सेकंदाचा हजारावा अंशही पुरतो. पादचारी अजूनही निसटत असेल, तर त्याचा दोष आता काचेच्या पट्टीला देता येणार नाही.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न याहूनही पुढे आहे. निरुद्देश चालण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. शेतावर, विहिरीवर, कामावर जाणारी वाट खानदेशातील बहुसंख्य स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडविली. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची रचना या कष्टाच्या येरझाऱ्यांतूनच आली, आणि तिचे संकलन त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ग्रंथरूपाने वाचकांसमोर आले. त्यांच्या रचनेतील सूक्ष्म निरीक्षण कोणत्याही छायाचित्रकाराला हेवा वाटावा असे आहे. पण ते निरुद्देश चालण्याचे फळ नव्हे. हाताला काम असताना डोळे उघडे ठेवण्याचे ते फळ आहे. कामाशिवाय, कारण न देता, सायंकाळी उशिरा शहरातून एकटीने चालणे ही गोष्ट स्त्रीला आजही सहजसाध्य नाही. नागर भटक्याचे तत्त्वज्ञान ही बाब गृहीत धरून पुढे जाते. ‘कोठे निघालात?’ हा प्रश्न ज्याला कोणी विचारीत नाही, त्याचेच चालणे निरुद्देश असू शकते.

हा प्रश्न कोणत्या टोकाला जाऊ शकतो, हे धुळे जिल्ह्याने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी हिंडत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरील संदेशांतून आणि चित्रफितींतून पसरली होती. मारले गेले ते परंपरेने चालणारे लोक होते. गावोगाव पायी फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम. अटन या शब्दाला ज्या भूमीत धर्माचे अधिष्ठान होते, तेथेच अनोळखी चालणाऱ्याचा चालणे हाच अपराध ठरला. आणि त्या संशयाला खतपाणी घालण्यात चित्राचाही वाटा होता. चालणे आणि चित्र यांच्या नात्याविषयी खानदेशात लिहिताना या घटनेकडे पाठ फिरवता येणार नाही. गळ्यात महागडा कॅमेरा अडकवून अनोळखी गल्लीत शिरणाऱ्यालाही लोक संशयाने पाहतात. परंतु त्याच्या कपड्यांत, भाषेत, ओळखपत्रात त्याचे संरक्षण असते. त्याच्या ध्यानाची शांतता या संरक्षणावर उभी असते, हे त्याने जाणले पाहिजे.

दुसरी एक घटना याच शहराच्या स्मृतीत आहे. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर रहिवाशांनी मोबाईलवर टिपलेल्या चित्रफिती पुढे आल्या आणि त्यांवरून काही पोलिसांवर कारवाई झाली. ही दृश्ये भटक्याने टिपलेली नव्हती. ज्यांना तेथून दुसरीकडे जाताच येत नव्हते अशा माणसांनी ती टिपली होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की चित्राची दोन रूपे दिसतात. एक चित्र कोठून आले, कोणाचे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याने माणसे मारली जातात. दुसऱ्याला जागा असते, वेळ असते, साक्षीदार असतो, आणि ते पुरावा ठरते. चित्राचे नैतिक बळ त्याच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या पत्त्यात असते, असा याचा अर्थ होतो. स्थानपोथीच्या कर्त्याने दिशा आणि दार नोंदविण्याचा आग्रह का धरला, याचेही उत्तर येथे मिळते.

मग रस्त्यावरच्या छायाचित्रकाराने काय करावे? परवानगी मागावी तर क्षण निसटतो, न मागावी तर माणूस दुखावतो, असा पेच नेहमी मांडला जातो. तो पेच भटकंतीच्या चौकटीतील आहे. कारण भटका एकदाच येतो. मराठी भाषेने आणि खानदेशातील रस्त्याने दिलेला दुसरा आदर्श समोर आहे, तो फेरीवाल्याचा. फेरीवाला रोज त्याच गल्लीतून, साधारण त्याच वेळी जातो. तो आरोळी देऊन आपण आल्याचे सांगतो. लपूनछपून येत नाही. तो काही घेतो तसे काही देतो. उद्या पुन्हा यायचे असल्यामुळे त्याला आज कोणाला फसविणे परवडत नाही. कोणत्या घरात आजारपण आहे, कोणत्या घरी पाहुणे आले आहेत, कोणते दार बरेच दिवस उघडलेले नाही, हे त्याला विचारावे लागत नाही. भल्या पहाटे येणारा वासुदेव याच परंपरेतला. त्याच्या टोपीकडे पाहून कोणी दचकत नाही, कारण त्याची फेरी गल्लीच्या दिनक्रमाचा भाग झालेली असते.

छायाचित्रकाराने फेरीवाल्याचे चालणे स्वीकारले तर वरील पेच पुष्कळसा सुटतो. धुळ्यातील एकच गल्ली वर्षभर, आठवड्यातून एकदा, त्याच वेळी चालावी. पहिले काही आठवडे लोक कॅमेऱ्याकडे पाहतील, नंतर विचारपूस करतील, पुढे दुर्लक्ष करतील. या दुर्लक्षात संमती असते, आणि ती चोरून मिळविलेली नसते. काढलेल्या छायाचित्राची प्रत ज्याची त्याला नेऊन द्यावी. फेरीवाल्याप्रमाणे देणेघेणे बरोबर ठेवावे. ‘माझे चित्र नको’ असे म्हणणाऱ्याचा शब्द अखेरचा मानावा. क्षण निसटेल ही भीती येथे उरत नाही, कारण गल्लीतील बहुतेक गोष्टी पुन्हा घडतात. ज्या पुन्हा घडत नाहीत त्या ओळखण्यासाठीही आधी नेहमीचे काय ते ठाऊक असावे लागते. निर्णायक क्षण अनोळखी माणसाला अचानक सापडतो असे मानले जाते. वस्तुतः तो ओळखण्याची पात्रता परिचयातूनच येते.

यावर असेही म्हटले जाईल की परिचयाने नजर बोथट होते, नवखेपणातच आश्चर्य असते. या म्हणण्यात तथ्य आहे. रघुवीर सिंग यांच्यासारख्या श्रेष्ठ छायाचित्रकारांनी पुष्कळ प्रवास केला आणि तरीही त्यांची दृष्टी उथळ झाली नाही, हेही खरे. परंतु खानदेशातील शहरांची आजची गरज वेगळी आहे. मराठी साहित्यातील नागर चालणे प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचे आहे. ‘गोलपिठा’ (१९७२) मुंबईच्या अंधाऱ्या वस्तीतून जातो. ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा खानदेशी नायकही पायपीट करतो ती पुण्यात. जळगाव-धुळ्याकडे येणारा पाहुणा बहुधा अजिंठ्याला जाताना येथून जातो. या शहरांना नवख्या नजरा पुष्कळ मिळाल्या. परत येणारी नजर कमी मिळाली. २००३ मध्ये दोन्ही शहरांत महानगरपालिका आल्या, इमारती उंच झाल्या, दुचाकींनी रस्त्याच्या कडा व्यापल्या आणि पादचाऱ्याची जागा आकसत गेली. ओटे गेले की ओट्यावर बसणारी माणसे दिसेनाशी होतात, आणि ओटा हा शब्दही हळूहळू कोशात जाऊन बसतो. हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांचा नाही. तो भाषेच्या अभ्यासकांचाही आहे.

म्हणून मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी या कामाकडे परके म्हणून पाहू नये. लोकगीतांचे, ओव्यांचे, अहिराणी आणि लेवा बोलींतील शब्दांचे संकलन करण्याची परंपरा या प्रदेशात आहे. त्याच शिस्तीने एकेका गल्लीची नव्या काळातील स्थानपोथी तयार होऊ शकते. छायाचित्र, त्याखाली दिशा, वार, वेळ, तेथे चालू असलेला धंदा, त्या धंद्यातील वस्तूंची स्थानिक नावे आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या यांची त्यात नोंद असावी. विद्यार्थ्याने ती पायी चालूनच करावी. वाहनावरून आरोळी ऐकू येते, पण तिचा सूर कोणत्या दारापाशी चढतो आणि कोणत्या दारापाशी उतरतो ते कळत नाही. चालण्याने मनःशांती लाभली तर ती घ्यावी, पण ती या कामाचा हेतू मानू नये.

पांझरेच्या पुलावर किंवा दाणा बाजाराच्या तोंडाशी कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणाला ‘कोठे निघालात?’ असे कोणी विचारले, तर भटकंतीच्या तत्त्वज्ञानापाशी ‘कोठेच नाही’ याखेरीज उत्तर नाही. राईनपाड्यानंतर हे उत्तर निष्पाप राहिलेले नाही. ते देण्याची मुभा काहींनाच आहे. फेरी करणाऱ्याचे उत्तर साधे असते: गेल्या आठवड्यात आलो होतो, पुढच्या आठवड्यातही येईन. असे उत्तर देता येण्याइतके ज्याचे चालणे झाले आहे, त्याच्या छायाचित्रांवर त्या रस्त्यालाही विश्वास ठेवता येईल.